बाक आणि चार दशांश

माझ्या आत्याला सगळा बंदरभाग बादलीआत्या म्हणतो. तोंडावर म्हणतो, आणि तिला त्याचं काही वाटत नाही. एकतीस वर्षं रोज सकाळी एकच बाई एकच बादली घेऊन जेटीच्या टोकापर्यंत चालत गेली, तर लोक दुसरं काय म्हणणार?

तिचं काम ऐकायला अगदी किरकोळ आहे. दोरी बांधलेली जाड कॅनव्हासची बादली समुद्रात सोडायची, वर ओढायची, त्यात तापमापक बुडवायचा, तीन मिनिटं हलकेच ढवळायचं आणि तापमापक पाण्यातच ठेवून, डोळा पाऱ्याच्या रेषेत आणून आकडा वाचायचा. मग वारा, ढग, लाटा. मग वही. पहिली बादली नेहमी फेकून द्यायची, कारण उन्हात लटकून कापडच तापलेलं असतं. दुसरी खरी. हवामान खात्याच्या एका जुन्या निरीक्षकाने तिला हे सगळं तिच्या चोविसाव्या वर्षी शिकवलं आणि तिने त्यात काडीचाही बदल केला नाही. निदान सगळ्यांची तशी समजूत होती.

माझं काम ऐकायला भारी आहे. पृथ्वीभोवती फिरणारा एक उपग्रह समुद्राच्या पाठीवरचं तापमान मोजतो, ढग नसतील तेव्हा, आणि तो खरं बोलतोय की नाही हे आमचं कार्यालय तपासतं. तपासणार कशावरून? तर अशा सतरा जेटींवरून, जिथे कुणीतरी अजून हाताने पाणी मोजतं. मध्ये खात्याने आत्याच्या जेटीसमोर एक स्वयंचलित तरंगतं यंत्र सोडलं होतं. ते दोनदा साखळी तोडून पळालं आणि दोन्ही वेळा मच्छीमारांच्या जाळ्यात सापडलं. तेव्हापासून भरवसा फक्त बादलीवर. म्हणजे वर कोट्यवधी खर्चून सोडलेलं यंत्र आणि खाली माझी आत्या, आणि मध्ये मी, चार पडद्यांसमोर, डोक्यावर गळणाऱ्या एसीखाली.

आत्याने उपग्रहाला नाव ठेवलं आहे, वन्सं. कारण विचारलं तर म्हणाली, "लांब राहते, कधी हाताला धरून मदत करत नाही आणि वरून नुसतं बघत असते. मग नणंद नाही तर कोण?" उपग्रह साडेदहाच्या सुमाराला डोक्यावरून जातो म्हणून आत्याची पूर्वीची नऊची वेळ खात्याने साडेदहा केली. तेही तिने मनावर घेतलं होतं. "वन्संच्या सोयीने आता आम्ही उठायचं."

रोज अकराला तिचा फोन येतो. कामाच्या वेळी ती मला मॅडम म्हणते. मी विचारते, ती सांगते, मी टाइप करते. पाण्याचा आकडा, वारा, ढग, लाटा आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. काही वेगळं घडलं असेल तर त्यात लिहायचं असतं. "शेरा?" "निरंक." माझ्या आधी इथे बसणाऱ्यांनीही हेच ऐकलं होतं. एकतीस वर्षं निरंक. आणि निरंक म्हणून झालं की त्याच दमात, "जेवलीस का गं?"

गडबड झाली ती यंदा. जुन्या उपग्रहाची नोंद आणि नव्याची नोंद जोडून एक सलग मालिका करायचं काम आमच्याकडे आलं. जुना नऊ वर्षांपूर्वी बंद पडला, नवा आठ महिन्यांनी वर गेला. मधल्या त्या खिंडाराला पूल म्हणून जेटींचे आकडे. सोळा जेटी आणि नवा उपग्रह यांचं छान जमलं. सतराव्या जेटीचं पाणी मात्र गेली नऊ वर्षं सरासरी चार दशांश अंश थंड येत होतं. त्या आधीची बावीस वर्षं बिनचूक, आणि बदल नेमका त्या आठ महिन्यांत कुठेतरी, जेव्हा वरून बघणारं कुणीच नव्हतं.

चार दशांश म्हणजे काय मोठं, असं कुणालाही वाटेल. मलाही आंघोळीच्या पाण्यात कळणार नाहीत. पण आमच्या धंद्यात समुद्र दहा-दहा वर्षांत एखाद-दोन दशांश तापतो आणि तेच शोधायचं असतं. आमच्या साहेबांना तर आम्ही दशांशसाहेबच म्हणतो. एक दशांशसुद्धा इकडचा तिकडे होऊ देत नाहीत. त्यांनी आलेख पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाले, "कारण आणि तारीख, दोन्ही सापडली तर दुरुस्ती करू. नाही सापडली तर ही जेटी संशयित यादीत. सगळीच, पहिल्या दिवसापासून."

"सगळी कशी, सर? पहिली बावीस वर्षं तर बरोबर आहेत."

"बरोबर दिसतायत. काय बिघडलं तेच माहीत नाही, तर काय बरोबर होतं हे कसं सांगणार? महिनाअखेरीपर्यंत बघा. आणि नातं घरी ठेवून बघा."

हे शेवटचं मला झोंबलं, कारण ते खरं होतं. मला काळजी होती ती आकड्यांची नव्हती. आत्याला दोन वर्षांत निवृत्ती. तापात, पावसात, एकुलत्या एका लेकीच्या लग्नाच्या सकाळीसुद्धा ती जेटीवर गेली होती. तिच्या एकतीस वर्षांवर मी स्वतःच्या हाताने "संशयित" असं टाइप करायचं?

मी तिला फोनवर सगळं सांगितलं. मग तिने विचारलं, "कमी येतंय की जास्त?"

"कमी."

"बरं," ती म्हणाली. "माझे डोळे गेले असतील. तसं लिहून टाक."

मी फोन ठेवला आणि मला राग आला. आठच दिवसांपूर्वी हीच बाई माझ्या घरी, खिडकीशी उभी राहून, समोरच्या इमारतीतल्या बाईने ब्लाउजला वेगळ्या रंगाचं बटण लावलंय म्हणून सांगत होती. नवा तापमापक तपासून हातात यायला पाच दिवस गेले. मग मी तो पिशवीत घातला आणि दोन तासांची बस पकडून तिच्याकडे गेले.

सकाळी आम्ही दोघी जेटीवर. तिने टोकाच्या कठड्याशी उभं राहून बादली सोडली, पहिली फेकली, दुसरी घेतली, तिथेच उभ्याउभ्या मोजलं. तिच्या तापमापकात सव्वीस पूर्णांक तीन, माझ्यातही सव्वीस पूर्णांक तीन. डोळे लख्ख. तापमापक ठीक. अकराला कार्यालयात फोन करून विचारलं तर उपग्रहही म्हणत होता सव्वीस पूर्णांक तीन. म्हणजे मी समोर असताना चार दशांश गायब. मी मागचे आकडे काढले. गेले पाच दिवस सगळेच जुळत होते. मी तिला फोन केला, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.

परत येताना ती कठडा धरून चालत होती आणि दर दहा पावलांवर काहीतरी निमित्त काढून थांबत होती. बोटी बघ, ते पक्षी बघ. तिचे गुडघे दुखतात हे मला माहीत होतं. जेटी संपते तिथे भिंतीच्या आडोशाला एक लाकडी बाक आहे, तिथपर्यंत आली आणि धपकन बसली. मांडीवर वही घेतली आणि सवयीने बादली ठेवायला उजव्या हाताने जागा चाचपली. तिथे जमिनीवर बादलीच्या बुडाएवढं एक गोल, फिकट, मिठाचं वळं होतं. बादली मात्र तिने कठड्यालाच टांगून ठेवली होती.

घरी गेल्यावर ती चहा टाकत होती तेव्हा मी तिचं कपाट उघडून वह्या काढल्या. आकडे कार्यालयाला फोनवर कळतात, वह्या कुणीच बघत नाही. पहिल्या बावीस वर्षांच्या वह्या म्हणजे नुसता चिखल. कठड्यावर वही टेकवून लिहिलेलं, वाऱ्याने पान फडफडलेलं, खाऱ्या पाण्याचे डाग, शाई फुटलेली, सातांचे नऊ वाटतात. आणि नऊ वर्षांपूर्वीच्या वहीत एका पानापासून अक्षर एकदम देखणं. सरळ ओळी, एक डाग नाही. बसून, निवांत, मांडीवर लिहिलेलं. अक्षर सुधारलं होतं आणि आकडा तिथूनच बिघडला होता. बादली वर काढून ती आडोशाला बाकापर्यंत न्यायची, मग बसून मोजायची. जेटीवर वारा कायम. ओल्या कापडातून पाणी उडतं आणि बादली वाटेतच निवते. उन्हाळ्यात माठ गार होतो, तसंच.

मी स्वयंपाकघरात गेले. "आत्या, तू बाकावर बसून मोजतेस ना? इतकी वर्षं?"

तिने ओठांवर बोट ठेवलं आणि आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथे आतोबा, म्हणजे तिचे यजमान, रेडिओ उघडून बसले होते. त्यांना रेडिओ ऐकण्यापेक्षा उघडायला आवडतो.

"हळू बोल," ती म्हणाली. "त्यांना कळता कामा नये."

मग तिने सांगितलं. आतोबा होड्या बांधणारे सुतार. नऊ वर्षांपूर्वी कारखाना बंद झाला, शेवटची होडी पाण्यात गेली आणि हा माणूस घरी बसला. बोलेना, जेवेना. त्याच दिवसांत आत्याचे गुडघे धरले. एके दिवशी उठले, होडीच्या उरलेल्या फळ्या घरी आणल्या आणि अकरा दिवस खपून तो बाक केला. स्वतः नेऊन जेटीवर बोल्टांनी बसवला, टोकाला वारा लागतो म्हणून आडोशाला. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, त्यांनी कधी दोन गोड शब्द उच्चारले असतील तर आत्याच्या ऐकण्यात नाहीत. बाक बसवल्यावर म्हणाले, "बसत जा."

"म्हणून बसले," आत्या म्हणाली. "सत्तर पावलं. मला वाटलं, सत्तर पावलांत समुद्राचं काय बिघडतंय. निरीक्षकांनी शिकवलं होतं, पाणी वाऱ्यात फिरवायचं नाही. विसरले म्हणू नकोस. आठवत होतं, पण सोयीचं नव्हतं. तू फोनवर कमी म्हणालीस तेव्हा लगेच उमगलं."

"मग सांग ना साहेबांना."

"आणि ह्यांना काय सांगू? तुमच्या बाकाने माझी नऊ वर्षं वाया घालवली? त्या बाकाने माणूस परत उठला गं माझा. डोळे म्हण. म्हातारपणी डोळे जातातच, कुणाला वाईट वाटत नाही."

मी हात टेकले. साहेबांनी दिलेला अर्ज पिशवीतून काढला. त्यात एक ओळ होती, फरकाचे कारण, आणि खाली निरीक्षकाची सही. मी म्हटलं, "तूच लिही. माझ्या हाताने खोटं टाइप होणार नाही." खरं सांगायचं तर मी चिडले होते आणि तिला कोपऱ्यात गाठायचं होतं. मला आत्ता त्याची लाज वाटते, तेव्हा वाटली नाही.

तिने पेन घेतलं. "डो" लिहिलं. पेन तिथेच थांबलं. चहा उतू गेला, मी गॅस बंद केला, तरी पेन तिथेच. शेवटी तिने "डो" वर एक सरळ रेघ मारली, वहीत चूक झाली की मारते तशी, आणि शेजारी छोटी सही केली.

"अहो," तिने हाक मारली. "जरा इकडे या."

आतोबा स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊनच आले. आत्याने उभ्याउभ्या सगळं सांगितलं, एकही शब्द गाळला नाही. मी भिंतीकडे बघत होते. आतोबांनी ऐकलं, खुर्ची ओढली, बसले आणि उरलेला चहा बशीत ओतून प्यायले.

"किती म्हणालीस?"

"चार दशांश."

"कमी?"

"कमी."

"म्हणजे आमच्या बाकाने समुद्र गार केला," ते म्हणाले. "कारखान्यात कुणाला सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता."

आत्या रडायला लागली. आतोबांना रडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते माहीत नसावं. ते माझ्याकडे वळले. "तुला काय पाहिजे, तारीख?"

"कारण मिळालं. तारीख वहीच्या अक्षरावरून कळते, पण आमचे साहेब अक्षरावर विश्वास ठेवणार नाहीत."

"पाना घेऊन येतो," ते म्हणाले.

जेटीवर त्यांनी चार बोल्ट सोडवले, मला एका बाजूने धरायला लावलं आणि बाक उलटा केला. होडी पुरी झाली की सुतार शेवटच्या फळीच्या आतल्या अंगाला तारीख कोरतो, जिथे मालकालाही दिसणार नाही. आतोबांनी चाळीस वर्षं हेच केलं होतं आणि बाकाला वेगळा न्याय लावला नव्हता. बसायच्या फळीखाली, पटाशीने कोरलेली, दिवस, महिना, वर्ष. मी वही उघडली. देखणं अक्षर सुरू होणारं पान बरोबर दुसऱ्या दिवसाचं होतं.

मी त्या तारखेचा फोटो काढला. आत्या वाकून वाचत होती. नऊ वर्षं ती त्याच्यावर बसली होती आणि तिला माहीत नव्हतं.

"मला विचारलं असतंस तर टोकालाच ठोकला असता," आतोबा म्हणाले. "वारा लागेल म्हणून मीच आडोसा शोधला. मला काय माहीत पाण्यालाही वारा लागतो."

दशांशसाहेबांनी फोटो मोठा करून पाहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा, माझ्या माहितीत तरी, हसले. पण सोडलं नाही. वाऱ्याप्रमाणे पाणी किती निवतं ते मोजून आणा, म्हणाले. आत्याने नऊ वर्षं रोजचा वारा इमानाने लिहिला होता. वारा किती असताना पाणी किती उतरतं हे कळलं, की प्रत्येक दिवसाचं ज्याचं त्याला परत करता येणार होतं.

त्यासाठी बाक जागच्या जागी ठेवून तीन आठवडे चाचणी चालली. टोकाला मोजायचं, बादली बाकापर्यंत न्यायची, पुन्हा मोजायचं, दिवसातून आठ-दहा वेळा. तेवढं चालणं आत्याला झेपणारं नव्हतं. मी म्हटलं मी नेते. आतोबांनी माझ्या हातातून बादली काढून घेतली.

"तू भराभर चालशील. आकडा चुकेल. तिच्यासारखं चालायला पाहिजे."

आणि ते चालले. डावा पाय किंचित ओढत, दहा पावलांवर थांबून, बोटींकडे बघितल्यासारखं करून, पुन्हा चालत. घड्याळ लावून पाहिलं तर आत्याच्या वेळेत आणि त्यांच्या वेळेत चार सेकंदांचा फरक. नऊ वर्षं रोज सकाळी हा माणूस घराच्या खिडकीतून तिला चालताना बघत आला होता, त्याशिवाय हे जमत नाही. आत्या कठड्याशी उभी राहून बघत होती. आधी म्हणाली, "माझी नक्कल करतात मेले." मग ती वळून समुद्राकडे बघायला लागली, आणि मी उगाच तापमापक पुसत बसले.

वारा वाढला की पाणी जास्त उतरायचं, वारा पडला की कमी. आकडे एका रेषेत बसले. साहेबांनी सगळी नऊ वर्षं रोजच्या वाऱ्याप्रमाणे दुरुस्त करून घेतली आणि आत्याची जेटी बाकीच्या सोळांबरोबर येऊन बसली. महिनाअखेरीला यादी निघाली. सतरा नावं, संशयित कुणी नाही. मी आत्याला फोनवर वाचून दाखवली. ती "बरं" म्हणाली, आणि वन्संना नमस्कार सांग, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अकराला पुन्हा तिचा फोन आला. मागे वारा इतका की शब्द नीट लागेनात.

"मॅडम, लिहा. पाणी सव्वीस पूर्णांक आठ."

"वारा?"

"चांगला आहे. सेकंदाला आठ मीटर."

"ढग?"

"आठात दोन."

"लाटा?"

"लहान."

"शेरा?" मी विचारलं आणि तिची वाट न बघता "निरंक" मधला नि टाइप केला.

"थांबा, मॅडम. आहे. बाक जेटीच्या टोकाला हलवला. यजमानांनी."

मी नि पुसला आणि ते सगळं लिहिलं, जसंच्या तसं.

"लिहिलंस?" आता ती मला मॅडम म्हणत नव्हती. "हे राहतं ना गं तिथे? कायमचं?"

"राहतं, आत्या. वन्संच्या नोंदीशेजारीच राहतं."

फोनमध्ये तिच्या अगदी जवळून, बाकावर शेजारी बसलेल्या माणसाचा आवाज आला. "तारीख घातली का विचार."

"घातली म्हणून सांग," मी म्हटलं.